अक्काच्या बाहुलीचा डावा हात

शांताचा फोन आला तेव्हा मी महाविद्यालयात परीक्षेच्या बैठकीत बसलो होतो. शांता ही येडशीत माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, शेजारी राहते. ती सहसा फोन करत नाही, म्हणून बैठक चालू असतानाच मी तो घेतला. "सर, अक्का उठंनात," एवढेच ती म्हणाली आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला... धाराशिवहून येडशी लांब नाही. मी पोहोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबले होते. अक्का आतल्या खोलीत पलंगावर होती आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी, तिने स्वतः घडवलेली जपानी पद्धतीची बाहुली लाकडी खुंटावर उभी होती. इलकल नेसलेली, पांढऱ्याफटक चेहऱ्याची, मान किंचित खाली घातलेली, शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलीएवढी उंच. पुढचे वाक्य लिहिण्यासाठी गेल्या काही आठवड्यांत मी अनेकदा बसलो आणि उठलो. आत जाऊन बहिणीच्या कपाळाला हात लावण्याआधी मी दोरीवरची चादर ओढली आणि त्या बाहुलीवर टाकली. थोड्याच वेळात माझे सहकारी येणार होते, पाहुणे येणार होते, संस्थेची मंडळी येणार होती... शांता मधल्या दारात उभी होती. तिने ते पाहिले आणि ती अक्काच्या उशाशी जाऊन बसली.

अक्का सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. साऱ्या गावासाठी ती 'सिस्टर'. तिचे लग्न झाले होते, ते टिकले नाही, आणि त्याविषयी कोणी खोदून विचारू लागले की ती शांतपणे म्हणायची, "इंजेक्शन देऊ का?" निवृत्त झाल्यावर ती देवधर्माला लागेल असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ती रामलिंगाला जायची खरी, पण तिथल्या माकडांना शेंगदाणे घालायला, आणि परत येऊन कोणते माकड लंगडते, कोणाच्या पिलाला खरूज झाली आहे, याची वर्दी द्यायची. मी इतिहासाचा प्राध्यापक. जिल्ह्यात भाषणांना बोलावला जाणारा, हारतुरे घेणारा, छायाचित्रात मधोमध बसणारा माणूस. माझ्या भाषणाला ती येऊन बसली की मागच्या रांगेत बसायची आणि नंतर एकच शेरा द्यायची, "आवाज चांगला लागला."

माझा मुलगा जपानात, ओसाका शहरात नोकरीला आहे. त्याने आम्हा नवराबायकोला बोलावले, तेव्हा ऐनवेळी पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली आणि तिच्या जागी अक्का माझ्याबरोबर आली. "तुझ्या बायकोच्या गुडघ्याचे लई उपकार झाले बघ," असे ती पुढे कितीतरी वेळा म्हणाली. तिथे मुलाने आम्हाला जपान्यांच्या जुन्या बाहुल्यांचा खेळ दाखवला. एकेक बाहुली तिघेजण मिळून चालवतात. मुख्य माणूस तिचे डोके आणि उजवा हात धरतो, दुसरा फक्त डावा हात, तिसरा पाय. मुख्य माणसाचा चेहरा बहुधा उघडा असतो. बाकीचे दोघे अंगभर काळे कपडे आणि तोंडावर काळे टोपडे घालून उभे राहतात. ते आपल्याला दिसत असतात आणि तरी थोड्या वेळाने दिसेनासे होतात. मला झोप लागली. जाग आली तेव्हा अक्का खुर्चीच्या अगदी टोकावर येऊन बसली होती. खेळ संपल्यावर बाहेर काचेच्या कपाटात एक बाहुली कपड्यांविना मांडून ठेवली होती. अक्का तिच्यासमोरून हलेचना. "अरे, पोटच न्हाय की हिला," ती मला म्हणाली. "नुसती खांद्याची फळी, खाली कमरंला बांबूचं कडं, मधी मोकळं. हिला अपेंडिक्सचा तरास न्हाय, पोरं व्हायचा तरास न्हाय." मग म्हणाली, "ही करता येईल मला."

मी तो परदेशातला उत्साह समजलो. परतल्यावर ती मोबाइलवर अशा बाहुल्या घडवण्याचे व्हिडिओ पाहू लागली आणि तिने पांगाऱ्याचे लाकूड मिळवले. हलके, मऊ, कोरायला सोपे. डोके आधी अखंड कोरायचे, मग कानांच्या रेषेत चिरून त्याचे पुढचे नि मागचे असे दोन भाग करायचे, आतून पोखरायचे, डोळे फिरवायच्या दोऱ्या बसवून पुन्हा चिकटवायचे, अशी ती रीत. तिची पहिली काही डोकी चिरताना फुटली. ती तिने टाकली नाहीत, खिडकीत ओळीने मांडून ठेवली, आणि दूधवाला रोज त्यांना रामराम घालून आत येऊ लागला. जपानी कारागीर ज्या वस्तू वापरतात त्या इथे कुठल्या? डोळे जागेवर परत आणणारी लवचीक पट्टी तिने खोकी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून कापून घेतली. चेहऱ्याला शंखजिरे आणि डिंक यांचे पातळ थर दिले. एक वाळला की दुसरा, आणि मध्ये घासकाम. खांद्याला गोलाई यावी म्हणून तिथे दोडक्याच्या जातीच्या एका फळाची वाळलेली जाळी लावतात, हे तिला व्हिडिओत दिसले तेव्हा ती खुर्चीवर बसल्या बसल्या टाळ्या पिटू लागली. तिच्या परसातल्या वेलावर वाळलेली घोसाळी लटकतच होती. केसांसाठी तिने स्वतःचा, वर्षानुवर्षे पिशवीत जमवलेला गुंतवळ काढला. फेरीवालीला दिला असता तर त्याच्यावर एखादे पातेले आले असते. शांता म्हणाली, "अक्का, काळेपांढरे मिसळलेत की केस." अक्का म्हणाली, "मग काय झालं? हिचं वय व्हऊ दे की."

मला मात्र लाज वाटू लागली होती. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, की सिस्टर म्हातारपणी बाहुल्या खेळायला लागल्या, डोक्यावर परिणाम झाला असेल. एका समारंभात संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन तिच्या तब्येतीची चौकशी केली. मी येडशीला गेलो आणि तिला समजावले. लोक काय म्हणतात तेही सांगितले. तेव्हा ती बाहुलीच्या बोटांची सांधेजोड करीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "या गावातल्या निम्म्या लोकांना म्या कमरंला सुई टोचलीया. त्यांची मला कशाची लाज?" आणि लगेच, "तू डावा हात धरशील का?"

पाय धरायला शांता तयार झाली होती. जपानी स्त्री-बाहुलीला पाय नसतातच. कपड्याच्या घोळात मुठी घालून गुडघे आणि पावले भासवायची असतात. शांताने ते इतके चटकन उचलले, की बाहुली बसली की तिच्या लुगड्याखाली खरोखर मांडी आहे असे वाटे. डाव्या हाताला मात्र माणूस मिळत नव्हता. मी हो म्हणालो, आणि ते का म्हणालो हे सांगणे भाग आहे. अक्काने काळी टोपडी शिवली होती. आतून बाहेरचे दिसेल अशा पातळ कापडाची, हनुवटीखाली बंद असलेली. त्यातले एक डोक्यावर चढवून मी तिच्या आरशात पाहिले. त्यात मी नव्हतो. मला वाटले, सुटलो. बहिणीचे मन राखले जाईल आणि प्राध्यापक महाशय कोणाला दिसणार नाहीत.

डावा हात हा लांब दांडीच्या टोकाला असतो आणि त्याला स्वतःचे मन नसते. डोके धरणारा माणूस बाहुलीच्या खांद्याला अगदी बारीक हिसका देतो. त्यावरून डाव्याने ओळखायचे, की आता उचलायचे, आता थांबायचे. मला हे जमेना. मी खुणेआधीच हात हलवायचो. "तुला भाषणाची सवय," अक्का खेकसायची. "पुढं पळू नको. माझ्या तोंडाकडं काय बघतोस? तिच्या खांद्याकडं बघ." खेळ छोटा होता. एक बाई वाकळ शिवायला बसते, सुईत दोरा ओवते, दोरा चुकतो, ती तो ओला करते, पुन्हा ओवते, शिवू लागते. प्रत्यक्षात सुई नाही, दोरा नाही. उजव्या हातात सुई असल्याचे अक्काने दाखवायचे, दोरा माझ्या हातात. दोन वेगळ्या माणसांचे दोन हात एका अदृश्य छिद्राशी भेटायला हवेत. कितीतरी दुपारी आम्ही चुकलो. मग एके दिवशी ते घडले आणि बाहुलीने समाधानाने मान हलवली. मी टोपड्याच्या आत रडत होतो. ते कोणाला दिसले नाही, आणि त्याचेही मला बरेच वाटले.

बेंबळीच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिला खेळ ठरला. शांताचा नवरा बाळू त्याच्या टेम्पोतून बाहुलीला आणि दोघींना घेऊन गेला. मी माझी गाडी स्टँडजवळ लावली, शाळेच्या मागच्या फाटकाने आत गेलो, आणि टोपडे घालूनच रंगमंचावर चढलो. समोर माझे जुने विद्यार्थी होते, आता पालक झालेले. सुरुवातीला हशा पिकला. शिट्ट्याही आल्या. मग दोरा पहिल्यांदा चुकला आणि हसणे थांबले. बाहुलीने तो ओठांशी नेला तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं, डोळं बारीक करून बघ की जरा!" दोरा ओवला गेला तेव्हा अख्ख्या मांडवाने सुस्कारा सोडला. सूत्रसंचालक तरुण शिक्षक ध्वनिवर्धक घेऊन धावत आला. त्याने अक्काचे नाव सांगितले, मग शांताचे. मग म्हणाला, "आणि डावा हात कोणाचा होता, सिस्टर?"

अक्काने माझ्याकडे पाहिले. ती थांबली. माझ्या खुणेची वाट तिने एवढ्या सगळ्या काळात फक्त तेव्हाच पाहिली. टोपडे वर करायला एक हात पुरला असता... मी हललो नाही. अक्का ध्वनिवर्धकाकडे वळून म्हणाली, "डाव्या हाताला नाव नसतंय बाळा. तशीच रीत हाय." टाळ्या झाल्या. मी नम्रतेचा पुतळा होऊन उभा होतो.

लोकांनी तर्काने बाळूलाच डावा हात ठरवून टाकले, कारण टेम्पो त्याचा होता. त्याला पुढे बरेच दिवस "बाहुलीवाला" म्हणून चिडवत. त्याने कधीही माझे नाव घेतले नाही. इकडे आमच्या प्राध्यापक कक्षात एका सहकाऱ्याने बेंबळीची हकीकत रंगवून सांगितली. "येडशीची कोण सिस्टर हाय म्हणं, आणि मागं काळं टोपडं घातलेला एक बाप्या. म्हातारीच्या बाहुलीचा हात धरून! घरी बायको विचारत नसंल त्याला." सगळे हसले. मीही हसलो. मी नुसता हसलो नाही, "असतात एकेक," असेही म्हणालो. हे वाक्य अक्कापर्यंत पोहोचले की नाही ते मला माहीत नाही. पोहोचले असेल अशी भीती वाटते, आणि पोहोचले नसेल तर तिला ते कधीच कळणार नाही, याचा सुटकेचा निःश्वासही मी सोडला आहे. दोन्ही गोष्टी माझ्याच आहेत.

त्यानंतर तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पुढचा खेळ माझ्या महाविद्यालयात व्हावा. "तिथं तू टोपडं काढून उभा ऱ्हा," ती म्हणाली. "रीत मोडली तर मोडली. जपानी माणूस काय धाराशिवला तपासणीला येत न्हाय." मी हो म्हणालो. मग परीक्षा आल्या, मग तपासणी समिती आली, मग प्राचार्यांना सवड नव्हती. शेवटचा भेटलो तेव्हा तिने बाहुली नेसवून तयार ठेवली होती. "तुझ्या कॉलेजासाठी कपडे शिवून ठेवलेत हिला," ती म्हणाली. मी पुन्हा प्राचार्यांचे कारण सांगितले. तिने मला चहा दिला, समोर बसली आणि अगदी साध्या आवाजात, ताप किती आहे विचारावे तसे विचारले, "लाज वाटती का रे तुला?"

"छे, छे, अक्का! काहीतरीच तुझं. प्राचार्यांनी..."

"बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' माझ्याशी तिने बोललेला शेवटचा शब्द ठरला. त्यात राग नव्हता. असता तर मला आज धरायला काहीतरी असते.

तिच्या शोकसभेला येडशीच्या शाळेचा वर्ग भरला होता. मला बोलायला उभे केले. मी चांगला बोललो. जपानी कलेविषयी, तिच्या साधनेविषयी, ग्रामीण भागातील स्त्रीच्या सर्जनशीलतेविषयी. लोकांनी डोळे पुसले. चपला घालताना शांता शेजारी येऊन उभी राहिली. "भाषण झ्याक झालं, सर," ती म्हणाली. "आवाज चांगला लागला... फकस्त डावा हात कुणाचा व्हता तेवढं सांगायचं राहिलं." आणि ती बाळूच्या टेम्पोकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेलो आणि अक्काच्या खेळाविषयी विचारले. "अहो, एवढंच ना? कधीही करा की," ते म्हणाले. "आधी का नाही बोललात?" ज्यांच्या नावाने मी इतके दिवस तारीख पुढे ढकलत होतो त्यांना मी एकदाही विचारले नव्हते. माझ्या लेखी ती अडचण हळूहळू खरी होऊन गेली होती. तो नकार मीच घडवला होता, आणि मीच तो त्यांच्या तोंडी घातला होता.

मी शांताकडे गेलो. खेळ करू या, तू डोके धर, मी पूर्वीसारखा डावा हात धरतो, असे म्हणालो. ती उठून आत गेली. आत भांडी वाजत राहिली. मग बाहेर येऊन ती म्हणाली, "मी तोंड झाकते. तुमी उघडं ठिवायचं. कबूल असंल तर करू." पाय कोण धरणार, मी विचारले. बाळू अंगणातून ओरडला, "मी हाय की! नाव तर पडलंच हाय बाहुलीवाला, आता काम बी करतो."

त्या खेळाची एक रीत आहे. बाहुलीचे कपडे तिच्या अंगावर टाक्यांनी शिवलेले असतात, आणि ज्याने डोके धरायचे त्याने ते स्वतः शिवायचे. दुसऱ्याने नेसवलेली बाहुली हाताचे ऐकत नाही म्हणतात. म्हणून अक्काने नेसवलेले इलकल उसवणे आले. गेल्या रविवारी सकाळी आम्ही बाहुली ओसरीवर, उजेडात आणली. शांता बाहुलीसमोर बसली, कात्री हातात घेऊन थांबली, मग ती माझ्या हातात दिली. "तुमी भाऊ. तुमी काढा." मी चष्मा पुसला आणि खांद्याजवळचा पहिला टाका कापला. मला वाटले होते, एक दोरा ओढला की सगळी शिवण सरकन निघून येईल. आली नाही. प्रत्येक टाका वेगळा होता, स्वतःच्या गाठीचा, गाठीपाशी दोरा कापलेला. जखम शिवतात तसा. एक तुटला तरी बाकीचे धरून राहावेत, असा. जन्मभर माणसांची कातडी शिवली जाताना डॉक्टरांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या बाईला दुसरे टाके घालता येत नसावेत. मी बहिणीसोबत तो दोरा ओवण्याचा खेळ इतक्या वेळा केला, पण ती खरी सुई कशी चालवते हे मी कधी पाहिले नव्हते. कपडे शिवताना मी तिथे नसायचो. मी यायचो ते टोपडे घालायला.

उसवायला बराच वेळ गेला. मग शांताने तिच्या पद्धतीने, भराभर धावदोरा घालत, पदर आणि खांदा शिवून टाकला, आणि उसवताना सुटलेला डावा हात माझ्यापुढे ठेवला. "ह्यो तुमचा. बसवून बाही तुमीच शिवा." मी शिवू लागलो. ओसरी रस्त्यालगत आहे. येणारेजाणारे पाहत होते. एक मोटारसायकल पुढे जाऊन थांबली, मागे आली. माझा जुना विद्यार्थी होता. बेंबळीला पुढच्या रांगांत मी त्याला पाहिले होते.

"सर? तुमी? हितं काय करायलाव?"

माझे कान तापले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे कान इतके तापू शकतात हे मला माहीत नव्हते. "बाहुलीला हात लावतोय," मी म्हणालो. आणि तो अजून तिथेच होता म्हणून, "डावा. तो माझाच असतो. बेंबळीलाही मीच होतो."

"ते काळं टोपडं... तुमी व्हय?" तो खाली उतरला, जवळ आला, वाकून पाहू लागला. मी त्याच्या हसण्याची वाट पाहत होतो. "सर," तो म्हणाला, "पर हात उलटा बसवलाय की तुमी. कोपर भायेर गेलंय बघा."

शांता पदर तोंडाला लावून हसू लागली. मी हात पाहिला. खरेच उलटा होता. मी घातलेले टाके कापून काढले, हात फिरवून सरळ केला, सुईत दोरा ओवला. पहिल्यांदा चुकला. तो पोरगा उभाच होता. मी एक टाका घातला, गाठ मारली, गाठीपाशी दोरा कापला. मग पुन्हा सुई ओवली आणि दुसरा घातला, वेगळ्या गाठीचा.